वाचक विचारतात: ३०० डिग्रीची बॅटरी गावात ठेवायची का?

प्रश्न: सर, माझा मुलगा अबू धाबीला कामाला आहे. तिथे कंटेनरसारख्या पेट्या रांगेने ठेवल्यात, त्यात सोडियम आणि गंधकाची बॅटरी असते आणि ती आतून ३०० डिग्री तापलेली असते असं तो फोनवर सांगत होता. मला खरं वाटेना. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी जरा गरम लागली तरी मी स्विच बंद करते. उद्या कोणी आमच्या सबस्टेशनजवळ असली पेटी आणून ठेवली तर चालेल का? आणि मुळात ती तापवतात कशाला?
– एक वाचक, पेडणे

उत्तर: ताई, मुलगा खरं तेच सांगतोय. अबू धाबीत २०१९ साली दहा ठिकाणी मिळून १०८ मेगावॅटच्या सोडियम-सल्फर (सल्फर म्हणजे गंधक) बॅटऱ्या सुरू झाल्या आणि त्यात ६४८ मेगावॅट-तास वीज साठते, म्हणजे भागाकार केला तर पूर्ण जोराने सलग ६ तास. हा ६ तासांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तापवतात कशाला. आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा घन असतात आणि मधलं ॲसिड पातळ. इथे सगळं उलटं आहे, दोन्ही बाजूंचा माल पातळ आणि मधली भिंत घन. एका बाजूला वितळलेलं सोडियम, दुसऱ्या बाजूला वितळलेलं गंधक, आणि मध्ये बीटा-ॲल्युमिना नावाच्या सिरॅमिकची नळी. वीज देताना सोडियमचा अणू आपला इलेक्ट्रॉन बाहेरच्या वायरीत सोडतो आणि स्वतः आयन, म्हणजे विजेचा भार असलेला अणू, होऊन त्या भिंतीतून पलीकडे जातो, गंधकाला भेटतो आणि सोडियम पॉलिसल्फाइड तयार होतं. चार्ज करताना हेच उलटं, सोडियम परत आपल्या घरी. एका सेलमधून साधारण २ व्होल्ट मिळतात म्हणून असे शेकडो सेल जोडावे लागतात. सोडियम ९८ डिग्रीला वितळतं, गंधक ११५ला, मग ३०० कशाला असं तुम्ही विचाराल, तर ती सिरॅमिकची भिंत गरम असतानाच आयनला नीट वाट देते आणि तयार होणारं पॉलिसल्फाइड पातळ राहायलाही तेवढी उष्णता लागते.

पण बाहेरून हात लावला तर पेटी भाजत नाही, आतले सेल थर्मासच्या बाटलीसारख्या निर्वात आवरणात असतात. वीज देताना सेल स्वतःच गरम होतात, त्यामुळे रोज चार्ज-डिस्चार्ज होणाऱ्या बॅटरीला हीटर फार लागत नाही. नुसती पडून राहिली तर मात्र हीटर सतत वीज खातो, म्हणून अडीअडचणीला म्हणून ठेवून द्यायची ही वस्तू नव्हे, रोज राबवायची आहे. आणि एक फायदा मला फार मोठा वाटतो, बाहेर ४५ डिग्री असलं काय नि २० असलं काय, आत ३००च असल्यामुळे तिला थंड ठेवायला एसी लागत नाही. लिथियमच्या कंटेनरला लागतो. अबू धाबीसारख्या ठिकाणी ही बॅटरी टिकली त्यात याचा मोठा वाटा आहे.

सगळा जीव त्या सिरॅमिकच्या नळीत. कल्पना अमेरिकेतल्या फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेतून १९६०च्या दशकात आली, त्यांना ती मोटारीत घालायची होती. पण ती मोठी करून विजेच्या जाळ्याला जोडली ती जपानच्या एनजीके इन्सुलेटर्स आणि टोकियोच्या वीज कंपनीने. आता ही एनजीके मुळात काय करायची? विजेच्या खांबावरचे चिनीमातीचे इन्सुलेटर. पावसाळ्याच्या पहिल्या सरीला आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या खांबांवर चर्र चर्र आवाज येतो ना, अंधारात निळसर ठिणगी दिसते, ती त्या चिनीमातीवर बसलेल्या खाऱ्या थरामुळे. चिनीमाती भट्टीत भाजायची आणि तिला बारीकशीही चीर जाऊ द्यायची नाही यात ज्यांचा हात बसला होता त्यांनाच ही नळी जमली, हे मला अगदी पटतं.

कारण चीर गेली तर काय होतं ते मी चाळीस वर्षं लॅबमध्ये लहान प्रमाणात बघितलंय. सोडियम रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवतात. चिमट्याने बाहेर काढून सुरीने कापलं तर लोण्यासारखं कापलं जातं, आतून चांदीसारखं चकचकतं आणि बघता बघता मळकट होतं. वाटाण्याएवढा तुकडा पाण्यात टाकला की फुसफुसत पृष्ठभागावर धावतो आणि पिवळी ज्योत धरतो. मुलं मागे सरायची, मी पण सरायचो.

२०११च्या सप्टेंबरमध्ये जपानमध्ये इबाराकी भागातल्या एका कारखान्यातली अशी बॅटरी पेटली होती. एक सेल फुटला, आतला वितळलेला माल बाहेर पडला, शेजारच्या सेलमध्ये शॉर्ट सर्किट झालं आणि आग पसरत गेली. पाणी मारता येत नव्हतं, आग पूर्ण विझली असं म्हणायला सुमारे दोन आठवडे गेले. एनजीकेने उत्पादन थांबवलं, सेलच्या मध्ये फ्यूज घातले, माल सांडला तरी शेजारच्याला लागू नये म्हणून मध्ये आडोसे घातले, आणि मगच पुढच्या वर्षी काम परत सुरू केलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: सबस्टेशनच्या आवारात, वस्तीपासून अंतर ठेवून चालेल, वाड्याच्या मधोमध नाही. गंधक जळलं की जो वायू सुटतो तो छातीत जातो, म्हणून वारा कुठून कुठे वाहतो तेही बघायला हवं. आणि ग्रामसभेत हा विषय आला तर नुसतं हो किंवा नको म्हणू नका, अग्निशमन दलाच्या माणसांना कोरडी वाळू वापरायचं ट्रेनिंग कोण देणार ते लेखी मागा. भीतीने विरोध केला तर कोणी ऐकत नाही, नेमकं विचारलं तर उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न: ही बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला मिळते का? सोडियमची बॅटरी स्वस्त येणार असं ऐकतो.
– एक वाचक, डिचोली

उत्तर: नाही मिळत, आणि मिळाली तरी घरात घेऊ नका. तुम्ही ऐकलेली ती सोडियम-आयन बॅटरी, ती वेगळी. ती लिथियम बॅटरीसारखी साध्या तापमानाला चालते, त्यात वितळलेलं काही नसतं. नावात सोडियम आहे म्हणून दोन्ही एकच समजू नका, दुकानदारही गोंधळ करतात.

प्रश्न: गोव्यात मे महिन्यात एवढं ऊन पडतं, ते साठवून पावसाळ्यात वापरता येईल का? आणि आपल्या मिठागरातल्या मिठातून सोडियम निघेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: बाब, पहिल्याचं उत्तर नाही. आपली आई मे महिन्यात सुकी मासळी, मिरची, कोकम, कडधान्य भरून ठेवायची ना, ते पुरुमेंत. ही बॅटरी पुरुमेंत नव्हे, दुपारचं शिजवलेलं रात्रीच्या जेवणाला झाकून ठेवावं तसं तिचं काम. ६ तास. छपरावरच्या सोलरची दुपारी १२ ते ३ची वीज संध्याकाळी ७ ते १०ला, हॉटेलांचे एसी आणि घरोघरचे पंखे एकदम लागतात तेव्हा. जपानमध्ये आओमोरी भागात २००८पासून ५१ मेगावॅटच्या पवनचक्क्यांना ३४ मेगावॅटची अशीच बॅटरी जोडलीय, तिथे रात्रीचा वारा दिवसाला देतात. आषाढातल्या ढगांना यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

गोव्याची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते, घाट उतरून. नव्या लाईन जंगलातून न्यायच्या की नाही यावर मोलेत केवढं आंदोलन झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बॅटरीने वीज तयार होत नाही हे आधी मान्य करायला हवं, त्यामुळे बॅटरी घ्या म्हणजे लाईन नकोच असं मी म्हणणार नाही. पण दुपारी लाईन मोकळी असते आणि संध्याकाळी तिच्यावर ताण येतो, तो ताण कमी करता येतो, आणि हे काम सोडियम-सल्फरने करायचं की लिथियमने हा पुढचा हिशोब. लिथियमचे भाव इतके उतरलेत की आज बहुतेक ठिकाणी तोच निवडला जातो, मला सोडियम कितीही आवडत असलं तरी.

मिठाचं मात्र हो. सोडियम मिठातूनच काढतात, मीठ वितळवून त्यातून वीज सोडली की एकीकडे सोडियम, दुसरीकडे क्लोरीन. गंधक तेलशुद्धीकरण कारखान्यात पेट्रोल-डिझेल साफ करताना ढिगाने निघतं. म्हणजे दोन्ही कच्चे माल स्वस्त, महाग ती नळी आणि ती पेटी. पण मिठातून असं सोडियम काढायला खूप वीज लागते, त्यामुळे आगरवाड्याच्या मिठागराच्या बांधावर हा कारखाना निघणार नाही. तिथलं मीठ जाडं, जरा करडं, पेजेबरोबर खायच्या तोराच्या, म्हणजे कैरीच्या, लोणच्याला तेच लागतं, आणि ते पिकवणारी घरं वर्षागणिक कमी होताहेत.