टाकीत उरलेलं तेल आणि घराची विक्री: आधी ऑटोमॅटिक डिलिव्हरी बंद करा, तीही लेखी

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. व्हरमाँटच्या खेड्यातलं घर विकताय, क्लोजिंग (पैसे देऊन घर घेणाऱ्याच्या नावावर होण्याचा दिवस) फेब्रुवारीत, बेसमेंटमधली घर तापवायच्या तेलाची टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली, बाहेर भाड्याची प्रोपेन गॅसची टाकी, आणि यातल्या उरलेल्या इंधनाचं काय करायचं हा तुमचा प्रश्न. आणि एजंट म्हणते, ‘तेलाचा कशाला एवढा हिशेब, एक ठरावीक रक्कम लिहून टाकू.’ हे शेवटचं वाक्य आम्हीही ऐकलं होतं. त्यावर सही केली आणि त्या एका सहीने आमचे हजाराच्या आसपास डॉलर गेले. पैशांपेक्षाही जो मनस्ताप झाला तो अजून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं घर मेन राज्यात होतं. बायको डॉक्टर. व्हिसाच्या अटीतून सूट (वेव्हर) मिळण्यासाठी तीन वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करावं लागतं, त्यात तिला तिथलं छोटं हॉस्पिटल मिळालं. तिनाची पाच वर्षं झाली आणि २०२२ च्या मार्चअखेरीस घर विकून आम्ही न्यू जर्सीला आलो.

आधीच सांगतो, मी वकील नाही आणि रिअल इस्टेटवालाही नाही. राज्याराज्यात पद्धत वेगळी आहे, तेव्हा तुमचा करार तुमच्या वकिलाला दाखवाच. बॉयलर, बर्नर वगैरे तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही. टाकी जमिनीखाली पुरलेली असेल तर मात्र माझं काहीही लागू धरू नका. गळती आणि माती तपासणी हा निराळा आणि फार महागडा विषय आहे.

आता आमची चूक. मेनमध्ये रिअल्टर लोक, म्हणजे घरांचे एजंट, जो छापील करार वापरतात त्यात तेलाचं वाक्य आधीच असतं: क्लोजिंगच्या दिवशी टाकीत जेवढं तेल असेल, त्याचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे, आणि भाव धरायचा तो शेवटची डिलिव्हरी ज्या कंपनीने केली तिचा त्या दिवशीचा रोखीचा. इतकं सरळ आणि न्याय्य वाक्य आहे. आमच्या एजंटने सुचवलं की शेवटच्या क्षणी मोजामोज नको, त्याऐवजी रक्कम ठरवून टाकू. फेब्रुवारीचा मध्य होता, टाकी पाऊणच्या वर होती. क्लोजिंगपर्यंत ७५ गॅलन उरतील असं धरलं, चार डॉलरच्या हिशेबाने ३०० डॉलर. ‘टाकीत जे असेल ते, एकूण ३०० डॉलर’ अशी पुरवणी जोडली आणि छापील वाक्य रद्द झालं. बायको नाइट ड्यूटीवरून आली होती, माझी सामानाची बांधाबांध चालू होती. दोघांनी फोनवरच सही केली.

त्यानंतर दहाएक दिवसांत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्ये तेल गॅलनला पाच डॉलरच्या घरात गेलं. म्हणजे ठरलेली रक्कम तशीही तोट्याचीच ठरली असती. पण तो तोटा किरकोळ. खरा घाव ऑटोमॅटिक डिलिव्हरीने घातला, म्हणजे न मागवताच कंपनी आपणहून तेल भरून जाते त्या सोयीने.

आमच्या पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारीत मध्यरात्री टाकी कोरडी पडली होती. बाहेर उणे पंचवीस सेल्सिअस. टाकी एकदा रिकामी झाली की नुसतं तेल ओतून बर्नर सुरू होत नाही, लाइनमधली हवा काढावी लागते, तळाचा गाळ फिल्टरमध्ये आलेला असतो. त्या रात्रीची इतकी धास्ती बसली की दुसऱ्याच दिवशी ऑटोमॅटिक डिलिव्हरी लावून घेतली. तुम्हीही बहुधा लावलेली असेल. गावाकडे बहुतेकांची असते.

ही डिलिव्हरी तुमची टाकी बघून होत नाही, हे नीट लक्षात घ्या. कंपनी ‘डिग्री डे’ मोजते. दिवसाचं सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे डिग्री डे. तुमच्या घराला एक गॅलन तेल किती डिग्री डे पुरतं, हा आकडा जुन्या डिलिव्हऱ्यांवरून त्यांच्याकडे असतो. त्यावरून त्यांचा संगणक ठरवतो की आता टाकीत इतकं उरलं असेल, ट्रक पाठवा. आम्ही १ मार्चला घर रिकामं केलं आणि पाइप गोठू नयेत म्हणून थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवला. तेल कमी जळत होतं, पण हे त्या संगणकाला कुठून कळणार? त्याच्या लेखी आम्ही तिथेच राहत होतो, घर नेहमीसारखंच उबदार होतं आणि टाकीत ५० गॅलनच उरले होते.

क्लोजिंग शुक्रवारी, २५ मार्चला. बुधवारी ट्रक आला आणि १७२ गॅलन ओतून गेला. शेजारच्या आजोबांनी फोन केला, ‘दाराला बिल अडकवलंय, तुम्ही मागवलं होतं का?’ बिल होतं ८५८ डॉलरचं. मी हातातलं सामान खाली ठेवलं आणि पायऱ्यांवरच बसलो.

आता त्या ऑफिसबद्दल. कंपनीचं नाव घेत नाही. १ मार्चला मी स्वतः फोन करून सांगितलं होतं की घर विकतोय, यापुढे तेल भरू नका. पलीकडच्या बाईंनी ‘नोंद केली’ म्हटलं. बुधवारी फोन केला तर अशी कुठलीही नोंद नाही. वर करारातलं कलम वाचून दाखवलं: ऑटोमॅटिक डिलिव्हरी बंद करायची तर तीस दिवस आधी लेखी कळवायला हवं. मग पहिल्याच फोनला हे सांगायला काय हरकत होती? मी त्याच मिनिटाला ईमेल केला असता. तीस दिवस भरले नसते हे खरं, पण हातात कागद तरी राहिला असता. तेल परत काढून न्या म्हटलं तर ‘एकदा टाकीत पडलेलं तेल आम्ही घेत नाही’. हे मला पटतं. टाकीत गाळ असतो, पाणी असतं, ते तेल दुसऱ्या गिऱ्हाइकाला कसं देणार? पण सुपरवायझर फोन करतील असं तीनदा सांगून एकदाही फोन न करणं, हे नाही पटत. आणि अंतिम बिल त्यांनी कुठे पाठवावं? विकलेल्या घराच्या पत्त्यावर. ते फिरत फिरत आमच्याकडे आलं तोवर त्यावर उशिराचा दंड चढला होता. पाच वर्षं एकही बिल चुकवलं नव्हतं आम्ही.

घेणाऱ्यांच्या एजंटने पुरवणी पुढे केली: ‘टाकीत जे असेल ते, ३०० डॉलर.’ कायद्याने त्यांचं बरोबरच होतं. क्लोजिंगच्या वकिलाने सांगितलं की दोन्ही बाजू राजी असतील तर आत्ताही बदलता येईल, नाहीतर नाही. ते राजी झाले नाहीत. जवळजवळ २५० गॅलन तेल ३०० डॉलरला गेलं.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, ठरावीक रकमेला अजिबात हो म्हणू नका. एजंट चांगली असेल, पण तिच्या दृष्टीने ही एक कटकट कमी होतेय, आणि पैसे तुमचे जाणार आहेत. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: तेल क्लोजिंगच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी मोजायचं, कोणी मोजायचं, आणि भाव कुठला धरायचा. शेवटच्या डिलिव्हरी कंपनीचा त्या दिवशीचा रोखीचा भाव हे माझ्या मते सर्वांत बरं. मेनमध्ये राज्य सरकारचा ऊर्जा विभाग इंधनाचे सरासरी भाव जाहीर करतो, तसा सरकारी आकडा तुमच्याकडे मिळत असेल तर तोही चालेल, कारण त्यावर कोणी वाद घालत नाही. करारात तेलाबद्दल एक शब्दही नसेल तर ते घराबरोबर फुकट गेलं असंच धरून चाला. आणि क्लोजिंगच्या हिशेबाचा कागद आला की विक्रेत्याने आगाऊ भरलेल्या खर्चांच्या रकान्यात तेलाची ओळ आहे का हे स्वतः बघा. ती ओळ गाळली गेल्याची तक्रार मी दोघांकडून तरी ऐकली आहे.

मोजायचं कसं? टाकीवरच्या गेजवर (पातळी दाखवणाऱ्या काट्यावर) विसंबू नका, त्यातला तरंगता गोळा अंदाजच सांगतो. लाकडी काठी किंवा टेप आत सोडून उंची मोजा. बेसमेंटमधली नेहमीची २७५ गॅलनची उभी टाकी ४४ इंच उंच असते. मधल्या भागात एका इंचाला साधारण सात गॅलन बसतात. वरचा आणि खालचा भाग गोल असल्यामुळे तिथे कमी, त्यासाठी टाकीच्या मापाचे तक्ते मिळतात. काठीचा ओला भाग आणि टेप एकाच फोटोत दिसतील असा, तारखेसह फोटो काढून ठेवा. आणि २७५ ची टाकी ‘फुल’ म्हणजे २७५ गॅलन नव्हे. वर हवेला जागा सोडतात, साधारण २५० च धरा.

ऑटोमॅटिक डिलिव्हरी आजच बंद करा. ईमेल करा, ‘विल-कॉल’वर टाका म्हणावं, म्हणजे तुम्ही फोन केल्याशिवाय ट्रक येणार नाही. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका. त्याच ईमेलमध्ये नवा पत्ता द्या. बजेट प्लॅनवर (वर्षभर सारखे मासिक हप्ते) असाल तर शिल्लक विचारा. फेब्रुवारीत बहुधा तुम्हीच देणं लागत असाल, कारण जाळलेलं तेल भरलेल्या हप्त्यांपेक्षा जास्त असतं. उन्हाळ्यात आगाऊ गॅलन विकत घेऊन ठेवले असतील तर न उचललेल्यांचं काय, हेही लेखी विचारा. एवढं करून, आज मी तुमच्या जागी असतो तर बाहेरच्या फिल पाइपच्या (तेल भरायच्या नळीच्या) टोपणालाच पाण्याने न पुसणारी चिठ्ठी बांधली असती: घर विकलं आहे, तेल भरू नये. ट्रक चालवणारा माणूस ऑफिसपेक्षा शहाणा असतो, असा माझा अनुभव आहे.

तेल मुद्दाम संपवत आणू नका. काही जण सांगतील, क्लोजिंगच्या दिवशी टाकी कोरडी ठेवा, म्हणजे हिशेबच नको. फेब्रुवारीत हे धोक्याचं आहे. घेणाऱ्याच्या इन्स्पेक्शनला (घराच्या तपासणीला) बॉयलर चालवून दाखवावा लागतो, आणि रिकाम्या घरात एका रात्रीत पाइप फुटले तर ते नुकसान तेलाच्या कितीतरी पट असेल. मी टाकीचा तिसरा हिस्सा तरी तेल ठेवलं असतं. कमी पडलंच तर पेट्रोल पंपावरचं पाच गॅलन डिझेल तात्पुरतं बर्नरला चालतं. उलटं मात्र करू नका. आमच्या एका मित्राने सुचवलं होतं की उरलेलं तेल त्याच्या डिझेल ट्रकमध्ये घालू. हीटिंग ऑइलवर रस्त्याचा कर नसतो, म्हणून त्यात लाल रंग मिसळतात. तो रंग रस्त्यावरच्या गाडीच्या टाकीत सापडला तर दंड एक हजार डॉलर किंवा गॅलनला दहा डॉलर, यातलं जे जास्त असेल ते. शिवाय बेसमेंटमध्ये डबे भरताना सांडलेल्या तेलाचा वास महिने महिने जात नाही.

विषय निघालाच आहे म्हणून, जळणाची लाकडं असतील तर ती नव्या गावी नेऊ नका. त्यातून झाडं पोखरणारे किडे पसरतात आणि कित्येक राज्यांत बाहेरचं जळण आणायला बंदी आहे. आमचं दीड कॉर्ड (जळणाच्या ढिगाचं माप) लाकूड आम्ही शेजारच्या आजोबांना दिलं. पेलेटच्या (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्या) पिशव्या कोरड्या असतील तर त्या मात्र सहज विकल्या जातात.

राहिली प्रोपेनची टाकी. ती भाड्याची आहे, म्हणजे तुमची नाही, तेव्हा विक्रीच्या यादीत ‘टाकीसह’ असं लिहिलं गेलं असेल तर आधी ते काढायला लावा. सहसा ज्या कंपनीची टाकी, तीच त्यात गॅस भरते, म्हणून घेणाऱ्याला एकतर त्याच कंपनीकडे खातं उघडावं लागेल, नाहीतर कंपनीला ती टाकी उचलून न्यावी लागेल. उचलण्याचे पैसे कोणाचे, आत उरलेल्या गॅसचा परतावा मिळतो का, हे सगळं तुमच्या भाडेकराराच्या कागदात असतं. कंपनीगणिक फार फरक पडतो, तेव्हा माझ्या अनुभवावर जाऊ नका. गॅसचा हिशेब मात्र तेलापेक्षा सोपा आहे. गेजवर टक्का असतो, तो टाकीच्या पूर्ण मापाचा. १२० गॅलनच्या टाकीवर ६० दिसत असेल तर आत ७२ गॅलन. ८० टक्क्यांच्या वर भरत नाहीत, त्यामुळे ८० दिसलं तर ती भरलेलीच समजायची.

तुमच्या टाकीवरच्या धातूच्या पट्टीवर तिचं माप कोरलेलं असेल. ते माप, गेजवरचा टक्का आणि बेसमेंटमधल्या काठीची उंची इथे लिहा, गॅलनचा हिशेब मी करून देतो. कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मसुदाही तयार आहे, हवा असेल तर टाकतो.