मूनकेक घ्यायचेत, पण कोणत्या ब्रँडचे? आणि कॅन्टोनीज, सुझोऊ, स्नो-स्किन यांत फरक काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात कामानिमित्त हाँगकाँगला येताय, परतताना पुण्याला मूनकेकचे, म्हणजे चिनी मध्य-शरद सणाला वाटतात त्या सारण भरलेल्या केकचे, दोन डबे न्यायचेत, आई-बाबा अंडंही खात नाहीत, आणि ऑनलाइन शंभर डबे पाहून डोकं चक्रावलंय. मी बरीच वर्षं इथे राहते, म्हणून सांगते: ब्रँड नंतर बघा, आधी प्रकार ठरवा. एकाच प्रकारात मोठ्या बेकऱ्यांमध्ये एकोणीस-वीसचा फरक असतो. दोन प्रकारांत मात्र इतकं अंतर की एक आवडणाऱ्याच्या घशाखाली दुसरा उतरत नाही.

सोनेरी साल, वर कोरीव ठसा आणि कापल्यावर मधोमध नारिंगी बलक दिसला की तो कॅन्टोनीज, म्हणजे दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौ-हाँगकाँगकडचा. हाँगकाँगमध्ये 'मूनकेक' म्हटलं की हाच. साल मैद्याची, त्यात साखरेचा दाट पाक, शेंगदाण्याचं तेल आणि थोडं क्षाराचं पाणी. भट्टीतून काढल्यावर ती कोरडी, कडक लागते. दोन-तीन दिवसांत तेल सालीत मुरतं, मग ती मऊ आणि चकचकीत होते, त्यामुळे ताजा-ताजा केक मिळवायची धडपड इथे कामाची नाही. आत कमळाच्या बियांचं सारण, साखर-तेलात परतून परतून लोण्यासारखं केलेलं. (कमळबी म्हणजे मखाना नव्हे, ती वनस्पती वेगळी.) या सारणासाठी ग्वांगचौमधलं 1889 सालचं ल्येनश्यांगलोउ हे दुकान प्रसिद्ध आहे. त्यात बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा एक, दोन, कधी चारही बलक. पहिल्यांदा खाणाऱ्या आपल्या माणसाला हा बलकच खटकतो: गोडात खारट, वर रवाळ आणि तेलकट. पण सारण इतकं गोड आणि जड असतं की तो काढून टाकला तर दुसरी फोड जात नाही. आणि फोडच खायची असते! चार केकच्या डब्यात एकेक केक साधारण 185 ग्रॅमचा, म्हणजे सातशे-आठशे कॅलरी. एकाचे आठ तुकडे करायचे आणि बिनसाखरेचा, बिनदुधाचा कडक चहा सोबत घ्यायचा. अख्खा केक एकट्याने संपवणारा मी तरी पाहिलेला नाही.

या प्रकारात 'की वा' (1938) आणि हाँगकाँगच्याच युएन लाँग भागातली 'विंग वा' (1950) ही जुनी नावं, आणि मॅक्सिम्स तर जागोजागी. माझं मत विचाराल तर पांढऱ्या कमळबीचा, दोन बलकांचा, 'विंग वा'चा. दुसऱ्या कोणाला विचाराल तर तो तितक्याच ठामपणे 'की वा'चं नाव घेईल. दोघंही बरोबर.

अस्सल कॅन्टोनीज जड वाटत असेल तर हाँगकाँगनेच काढलेले दोन हलके प्रकार आहेत. एक, अंड्याच्या कस्टर्डचे छोटे केक. हे 1986 मध्ये पेनिन्सुला हॉटेलच्या स्प्रिंग मून रेस्टॉरंटमध्ये सुरू झाले. पुढे त्यातूनच कापल्यावर कस्टर्ड वाहणारे 'लाव्हा' केक आले. लोण्याच्या बिस्किटाची चव असल्याने ऑफिसात वाटायला हे सर्वांत सोपे. दुसरा स्नो-स्किन, ताइ पान बेकरीने 1989 मध्ये आणलेला: न भाजलेली, चिकट तांदळाच्या पिठाची पांढरी साल, आत मूग, आंबा, ड्युरियन काहीही. चव छान, पण तो फ्रीजमधला जीव आहे. पुण्यापर्यंतच्या प्रवासात त्याचा लगदा होईल. इथेच खाऊन घ्या.

बाकी चीनमध्ये चित्र एकदम पालटतं. सुझोऊ-शांघायकडे साल पापुद्र्यांची, आणि सणाच्या दिवसांत डुकराच्या खिम्याचे गरमागरम मूनकेक तव्यावरून थेट हातात देतात. शांघायच्या ह्वायहाय रस्त्यावर ग्वांगमिंगत्सुन या दुकानासमोर त्यासाठी तासन्‌तास रांग लागते. बीजिंगचे जुन्या धाटणीचे केक सुकामेवा-खडीसाखरेचे, कोरडे. युन्नान प्रांताचे श्वानवेइ या ठिकाणच्या हॅमचे (खारवलेलं डुकराचं मांस) आणि मधाचे; मांसाहारी असाल तर एकदा चाखाच, खारट-गोडाचा इतका चांगला मेळ कॅन्टोनीज केकलाही साधत नाही. दक्षिण चीनच्याच किनाऱ्यावरच्या तिओच्यू लोकांचा केक आपल्या चिरोट्यासारखा पदरापदरांचा, आत अरवी जातीच्या कंदाचं गोड सारण. तैवानात मुगाच्या सारणाचे गोल, फुगीर केक.

ब्रँडवर फार विसंबू नका म्हणते त्याचं आणखी एक कारण. चीनमध्ये एकच जुनं नाव वेगवेगळ्या कंपन्या लावतात. बीजिंगचं दाओश्यांगत्सुन आणि सुझोऊचं दाओश्यांगत्सुन वेगळे, आणि त्यांचे ट्रेडमार्कचे खटले वर्षानुवर्षं चालले. 2001 मध्ये नानजिंगच्या ग्वानशंगयुआनने आदल्या वर्षीचं उरलेलं सारण पुन्हा वापरल्याचं टीव्हीवर उघड झालं, तेव्हा तेच नाव लावणाऱ्या, पण काहीही संबंध नसलेल्या इतर कंपन्यांचा खपही आपटला. डब्याच्या थाटावरही जाऊ नका. खोक्यात खोकं, त्यात खोकं हा प्रकार इतका वाढला की चीनने ऑगस्ट 2022 पासून मूनकेकच्या वेष्टनाला जास्तीत जास्त तीन थरांची मर्यादा घातली.

आता आई-बाबांचं. 'बलक नसलेला' म्हणजे शाकाहारी, असं समजू नका. कॅन्टोनीज केक भाजताना वरून अंडं लावतात, आणि सारणात किंवा पापुद्र्यांच्या सालीत डुकराची चरबी असू शकते. सगळ्यात फसवा तो पाच प्रकारच्या सुक्यामेव्याचा. नाव ऐकून आपल्याला ड्रायफ्रूट बर्फी आठवते, पण पारंपरिक कॅन्टोनीज पद्धतीत त्यात हॅमचे तुकडे आणि साखरेत मुरवलेली चरबी घालतात. दुकानदाराला "व्हेजिटेरियन?" विचारून भागत नाही, कारण मांस दिसत नसलं की होकार मिळतो. डब्यामागची घटकांची यादी स्वतः वाचा, ती इंग्रजीतही असते. अंडं, चरबी, हॅम यांतलं काहीच नसलेले केक बौद्ध शाकाहारी दुकानांत शोधा, कमळबी किंवा लाल चवळीसारख्या डाळीच्या सारणाचे.

तारीखही बघून या. सण चिनी आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास. अधिक महिन्याच्या गणितामुळे कधीकधी तो कोजागिरीला येतो, 2025 मध्ये 6 ऑक्टोबरला आला होता तसा. सण पुढे असताना आगाऊ घेतले तर चांगली सूट मिळते, शेवटच्या आठवड्यात नावाजलेले डबे संपतात. भाजलेले केक साधारण महिनाभर टिकतात, पण लाव्हावाल्यांची तारीख जवळची असू शकते, ती तपासा. आणि चार केकच जवळपास पाऊण किलोचे होतात, पत्र्याच्या डब्याचं वजन वेगळं, तेवढी जागा बॅगेत आधीच सोडा.