आई-वडील भारतातून आलेत, मेलबर्नहून सॉवरिन हिल एका दिवसात होईल का? म्हाताऱ्या माणसांना आवडेल का?

हो, एका दिवसात आरामात होतं. आणि आवडेल का म्हणाल तर आमच्याकडे पोरांपेक्षा माझे आई-आबाच जास्त रमले, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सॉवरिन हिल म्हणजे बॅलरॅट शहरात सोन्याच्या खाणींच्या काळातलं गाव उभं केलंय ते, मेलबर्नपासून साधारण 110 किमी, गाडीने दीड तास धरा. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून बॅलरॅटला ट्रेनही आहे, तिलाही तेवढाच वेळ लागतो. फक्त सकाळी लवकर निघा, गेट उघडायच्या वेळेला पोचलात तर दिवस पुरतो, आणि जायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या की त्या दिवशी उघडं आहे ना.

1851 मध्ये बॅलरॅटला सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं तिकडे धावली, त्या पहिल्या दहा वर्षांतलं गाव तिथे पुन्हा उभं केलंय, 1970 पासून चालू आहे. काचेच्या कपाटातल्या वस्तू बघायचं म्युझियम नाही हे. बेकरीत खरंच पाव भाजतात, चाकं बनवणारे खरंच लाकडाची चाकं बनवतात, घोडागाड्या फिरतात, आणि काम करणारी माणसं त्या काळच्या कपड्यात असतात, काहीही विचारा, थांबून नीट सांगतात.

पहिल्यांदा ओढ्यावर जा. तिथे थाळी आणि फावडं मिळतं, तिकिटातच आहे ते, गाळ काढायचा आणि पाण्यात फिरवत फिरवत धुवायचा. आम्ही सगळे खळाखळा हलवत बसलो, हाताला काही लागेना. आई पाच मिनिटं नुसती बघत होती, मग म्हणाली, "अरे हे तांदूळ रोळल्यासारखंच आहे की, आण इकडं." खरंच तसंच आहे, फक्त उलटं. आपण तांदूळ वरच्या वर काढून घेतो आणि खडे तळाला ठेवतो, इथे वरची वाळू पाण्याबरोबर सोडून द्यायची आणि तळाला जे बसतं ते ठेवायचं, कारण सोनं वाळूच्या सातपट जड. थाळी जरा कलती धरून तिने तीन-चार वेळा सावकाश पाणी सोडलं आणि कडेच्या काळ्या वाळूत टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ठिपका. ओढ्यात ते लोक थोडं थोडं सोनं टाकतात हे आम्हाला माहीत होतं, पण त्या क्षणी कोणाला त्याचं काय, आई अशी हसली की बास!

आणि सोनं ओतायचा शो चुकवू नका. 3 किलो सोनं वितळवून तुमच्यासमोर त्याची वीट ओततात. आमचे आबा सांगलीकडच्या विट्याचे, जन्मभर तमिळनाडूत गलाईचं दुकान चालवलं, म्हणजे सोनं-चांदी आटवायचं काम. ते पुढच्या बाकावर बसले आणि माझ्या कानात म्हणाले, "साचा तापवलाय का बघ आधी, वल्ला असला तर सोनं अंगावर उडतंय." त्या माणसाने साचा ज्योतीवर धरला तेव्हा कुठे निवांत झाले. मुशीतून लाल-पिवळी धार पडली तेव्हा त्यांचे हात मांडीवर आपोआप हलत होते. दुपारचा शो पण बघितला त्यांनी, एकटेच जाऊन बसले.

रेड हिल खाणीत वेलकम नगेटची गोष्ट दाखवतात, 1858 साली सापडलेला जवळजवळ 69 किलोचा सोन्याचा गोळा. पण खाली उतरायला पायऱ्या आहेत आणि अंधार असतो, गुडघ्याचा त्रास असेल तर एकाने आजी-आजोबांबरोबर वर थांबा. गावात पण चढ-उतार आणि खडीचे रस्ते आहेत, चपला नकोत, बूटच घाला.

चिनी लोकांची वस्ती बहुतेक जण फोटो काढून पाच मिनिटांत सोडून देतात, तसं करू नका प्लीज. 1855 मध्ये व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न-बॅलरॅट ज्या प्रांतात आहेत तिथे, बोटीने उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर 10 पौंड कर लावला, तो चुकवायला हजारो लोक शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब बंदरावर उतरले आणि तिथून 400 किमीच्या वर चालत खाणींवर आले. घरदार सोडून पैसा कमवायला परमुलखात आलेली माणसं. आबा त्या तंबूंसमोर बराच वेळ उभे होते, ते पण सतराव्या वर्षी असेच भाषा येत नसताना गाव सोडून गेलेले.

त्या काळच्या ब्रिटिश सैनिकांसारखे लाल कोटातले सैनिक बंदुकांचा बार काढतात तो पोरांना आवडतो, आवाज मोठा असतो, लहान बाळ असेल तर लांब उभे रहा. पोरांना आधी एवढं सांगून ठेवा की सोनं सापडो न सापडो, खाणवाल्यांना महिन्याला 30 शिलिंग लायसन्स भरावं लागायचं, त्यावरूनच 3 डिसेंबर 1854 ला बॅलरॅटमध्ये युरेकाचा उठाव झाला आणि सैनिकांच्या हल्ल्यात वीसहून जास्त खाणवाले मारले गेले. पुढारी पीटर लेलर, त्याचा हात गेला त्यात, आणि पुढे तोच माणूस व्हिक्टोरियाच्या विधानसभेचा स्पीकर झाला. त्या उठावाचा मूळ झेंडा बॅलरॅटमध्येच युरेका सेंटरला आहे, पण दोन्ही एका दिवसात कोंबू नका, आई-वडील दमतील.

जेवण आत मिळतं पण शाकाहारी असाल तर फार काही नाही, आम्ही थालीपीठ-दही घेऊन गेलो होतो. आणि बॅलरॅट मेलबर्नपेक्षा थंड, उन्हाळ्यात जरी गेलात तरी आईसाठी एक स्वेटर आणि कानाला स्कार्फ गाडीत टाकाच.