ट्रॉपिकल अमेरिकाजचा आराखडा बदलला म्हणतात, त्यात खरं किती?

तुम्ही विचारलंय की फ्लोरिडात डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कमध्ये २०२७ साली उघडणाऱ्या ट्रॉपिकल अमेरिकाज या नव्या विभागाचा आराखडा गुपचूप बदललाय, ‘एन्कान्टो’ सिनेमातलं घर लहान केलंय, कॅरोसेल (गोल फिरणारे प्राणी) गाळलाय, असं व्हिडिओंमध्ये सांगतात. सहा वर्षांची मुलगी आणि आजी-आजोबांना घेऊन जायचंय, तर विश्वास कशावर ठेवायचा?

आधी कंपनीने स्वतः काय जाहीर केलंय ते वहीत लिहून काढा. जागा ११ एकर, म्हणजे आपल्या हिशोबाने ४४० गुंठे. त्यात पुएब्लो एस्पेरान्झा नावाचं गाव, मधे कारंजं, लाकडात कोरल्यासारख्या प्राण्यांचा कॅरोसेल, हासिएन्डामधलं (जुन्या धर्तीच्या वाड्यातलं) मोठं क्विक-सर्व्हिस, म्हणजे काउंटरवरून खाणं घ्यायचं रेस्टॉरंट, ‘एन्कान्टो’मधल्या कासितात, म्हणजे त्या घरात, शिरणारी राइड आणि माया मंदिरातली सिनेमातल्या इंडियाना जोन्सची राइड. ही मुख्य गोष्टींची यादी. अफवा कानावर आली की पहिल्यांदा या यादीत बघा. ‘गाळलं’ म्हणून बोंब होते त्यातल्या पुष्कळ गोष्टी मुळात जाहीर झालेल्याच नसतात. कन्सेप्ट आर्टच्या, म्हणजे कंपनीने दाखवलेल्या कल्पनाचित्राच्या, कोपऱ्यात कुणाला एखादा मनोरा किंवा पूल दिसलेला असतो, तो मिळणारच असं लोक धरून चालतात. त्या चित्रांवर बारीक अक्षरात ‘केवळ कलाकाराची कल्पना’ अशी ओळ असते, ती शब्दशः घ्या. चित्रात झाडं पूर्ण वाढलेली असतात, वेळ संध्याकाळची असते आणि प्रत्येक खिडकीत दिवा असतो.

या जागेचा आराखडा खरोखर बदलला, पण तो आधी आणि उघडपणे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथल्या जुन्या डायनोलँड विभागाच्या जागी ‘झूटोपिया’ आणि ‘मोआना’ हे सिनेमे आणता येतील, अशी कल्पना कंपनीने मंचावर मांडली होती. वर्षभराने तीच जागा ‘एन्कान्टो’ आणि इंडियाना जोन्सची झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये २०२७ सालासकट पक्की घोषणा झाली. म्हणून घोषणेतलं क्रियापद ऐका. ‘विचार करतोय’, ‘चाचपून बघतोय’ असं असेल तर ते अजून हवेतच आहे. ‘अमुक साली उघडेल’ म्हटलं की पैसे मंजूर झाल्याची शक्यता बरीच वाढते.

मात्र पक्की घोषणाही मोडू शकते. एपकॉट या डिस्नेच्या फ्लोरिडातल्याच दुसऱ्या पार्कमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये मेरी पॉपिन्सचं आकर्षण जाहीर झालं होतं, ते बांधलंच नाही. तिथेच जाहीर केलेल्या तीन मजली उत्सव-इमारतीच्या जागी शेवटी जून २०२४ मध्ये कम्युनिकोर हॉल ही खूप साधी वास्तू उघडली. मधे कोविड आला आणि जे जमिनीतून वर आलं नव्हतं ते सगळ्यात आधी कापलं गेलं. तेव्हा आराखडा बदलेल का, यापेक्षा काम कुठवर आलंय हे विचारा.

ते कळायला सरकारी कागद आहेत आणि सातबाऱ्यासारखे ते कोणालाही बघता येतात. पहिला साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्टचा परवाना. या खात्याला पावसाच्या पाण्याशी मतलब, म्हणून नकाशात छप्पर किती, फरसबंदी किती, हिरवळ किती आणि पाणी कुठल्या तळ्याकडे जातं ते दाखवावं लागतं. त्यामुळे इमारतीची जमिनीवरची बाह्यरेषा बऱ्यापैकी भरवशाची असते. उंची आणि आत काय आहे हे तिथून कळत नाही, आणि चूक होते ती इथेच. एक कोरा आयत दिसला की त्यात कुणी राइड बसवतं, पुढच्या नकाशात तो दिसला नाही की ‘राइड रद्द’. तो आयत किचनचा मागचा भाग असू शकतो किंवा त्याचं काम वेगळ्या टप्प्यात, वेगळ्या अर्जात गेलेलं असू शकतं. शीटच्या कोपऱ्यातली तारीख आणि रिव्हिजन क्रमांक जुळवल्याशिवाय दोन नकाशांची तुलना करू नका.

दुसरा कागद म्हणजे काम सुरू करण्याची नोटीस, जी ऑरेंज काउंटीच्या नोंदींमध्ये डिस्नेच्या कंपनीच्या नावाने सापडते. त्यात ठेकेदार, पत्ता आणि कामाचं एका ओळीचं वर्णन असतं. वेगळी मुदत लिहिली नसेल तर ती वर्षभरच चालते. मुदत संपली म्हणजे काम थांबलं असं मुळीच नाही, नवी नोटीस निघू शकते. पेटंटवर तर अजिबात जाऊ नका. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि तो कुठल्या पार्कसाठी आहे याचा त्यात पत्ता नसतो.

‘कासिता लहान केली’ या प्रकारची अफवा बहुधा हवाई फोटोंवरून उठते. वरून दिसतो तो मागचा भलामोठा डबा, ज्यात राइड असते. पाहुण्यांना दिसणारा दर्शनी भाग वेगळ्या सांगाड्यावर पुढे उभा राहतो. त्यात वरचे मजले मुद्दाम छोट्या मापाचे करतात, म्हणजे खालून बघताना घर आहे त्याहून उंच वाटतं. नुसतं स्टील उभं असताना हे बुटकंच दिसणार. खडकांचंही तसंच. आधी वाकवलेल्या सळ्यांचा पिंजरा, त्यावर जाळी, मग सिमेंटचा फवारा, आणि तो ओला असतानाच कारागीर करणीने भेगा, मुळं, दगडाचे थर कोरतात. रंग सगळ्यात शेवटी. कोरीवकाम होण्याआधीचा फोटो दाखवून ‘बघा, सपाट भिंत केली’ म्हणणाऱ्याला क्रम माहीत नाही एवढाच त्याचा अर्थ.

पाया आणि स्टील झाल्यावर राइडचा मार्ग बदलणं फार महाग पडतं. त्या टप्प्यावर काटछाट होते ती वरवरच्या गोष्टींत: फिरते कलाकार, एखादं दुकान, राइडमधल्या काही हलत्या आकृत्या. अशा कपातीच्या बातम्या मी गंभीरपणे घेतो, कारण त्या ना नकाशात दिसतात ना फोटोत, आतल्या माणसाकडूनच येतात. उलट इंडियाना जोन्सच्या राइडचा मार्गच बदलला, असं कुणी म्हणालं तर मी विश्वास ठेवणार नाही. ती डायनोसॉर राइडच्या जागी येतेय, आणि डायनोसॉरचा ट्रॅक कॅलिफोर्नियातल्या १९९५ च्या इंडियाना जोन्स राइडच्या ट्रॅकशी जवळपास तंतोतंत जुळणारा. जागा निवडण्यामागचं मोठं कारण मला तरी तेच वाटतं.

तुमच्या मुलीसाठी मात्र एक आकडा खरोखर महत्त्वाचा आहे. गाडी त्याच जातीची असूनही डायनोसॉरला उंचीची अट ४० इंच होती आणि कॅलिफोर्नियातल्या राइडला ४६ इंच आहे. सहा वर्षांची पुष्कळ मुलं नेमकी या दोन आकड्यांच्या मधे येतात. डिस्नेच्या पानावर अट जाहीर होईपर्यंत तिला शब्द देऊ नका. आजी-आजोबांच्या मणक्यांना ही गाडी जोरात हादरे देते, तेव्हा त्यांच्यासाठी कासिता आणि गावाचा चौकच धरा.

बुकिंगचं म्हणाल, तर ‘२०२७’ यात डिसेंबरही येतो. महिना जाहीर होण्याआधी विमानाची परत न होणारी तिकिटं काढू नका. पार्कचं तारखेचं तिकीट रद्द करून पैसे मिळत नाहीत, पण पूर्ण न वापरलेल्या तिकिटाची किंमत पुढच्या तिकिटात वळती करता येते, दर वाढला असेल तर फरक भरावा लागतो. उघडल्यावरचे पहिले सहा आठवडे टाळलेत तर बरं, नव्या राइड त्या काळात वारंवार बंद पडतात आणि रांगेतल्या माणसांना तसंच बाहेर काढतात. आजी-आजोबांना दीड-दोन तास उभं ठेवून असं घडायला नको.