वाचकांचे प्रश्न : एकच मॅच खेळला, मग पुढं काय?

मागच्या अंकात वेन रूनीवर लिहिताना जाता जाता फ्रान्सिस जेफर्सचं नाव आलं होतं, इंग्लंडच्या फुटबॉल टीमकडून एकच मॅच खेळलेला प्लेअर म्हणून. त्या एका ओळीवरच एवढे मेसेज आणि पत्रं आली की रूनी राहिला बाजूला. म्हणून ह्या वेळचं सगळं सदर एका मॅचवाल्यांना देऊन टाकलंय. क्रिकेटचे प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका.

आमच्या कट्ट्यावर ह्या जेफर्सवरून रोज भांडण होऊलालंय. माझं म्हणणं, देशाकडून एकच मॅच म्हणजे तो फ्लॉपच की. चांगला असता तर दुसऱ्यांदा घेतलं नसतं काय? – टिळकवाडी

आधी जेफर्सची ती मॅच बघा. १२ फेब्रुवारी २००३, लंडनमधलं अप्टन पार्क, समोर ऑस्ट्रेलिया, फ्रेंडली, म्हणजे कुठल्या स्पर्धेतली नव्हे. कोच एरिक्सननं हाफटाइमला अकराच्या अकरा प्लेअर बदलले, अख्खी नवी टीम उतरवली. त्या नव्या टीममध्ये बरीच पोरं पहिल्यांदाच देशाकडून खेळत होती, त्यांतच १७ वर्षांचा रूनी आणि हा जेफर्स. इंग्लंड १-३ हरलं, आणि इंग्लंडचा तो एकमेव गोल कुणी मारला तर जेफर्सनं! रूनी पुढं १२० मॅच खेळला, जेफर्स तिथंच थांबला. त्या दिवसापुरतं बोलायचं तर फ्लॉप कोण हे तुम्हीच कट्ट्यावर ठरवा. (घाऊक प्लेअर बदलायची ही पद्धत एवढी बोकाळली की २००४ मध्ये फ्रेंडलीत सहाच बदल असा नियम करावा लागला.)

आता बिल निकोल्सन. माझा ह्या सगळ्यांतला सगळ्यात लाडका माणूस. मे १९५१, पोर्तुगालविरुद्ध मॅच, हा टॉटनहॅम क्लबचा हाफबॅक (मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा) पहिल्यांदाच इंग्लंडचा शर्ट घालून उतरला आणि बॉलला पहिला पाय लावला तो थेट गोल, मॅच सुरू होऊन फक्त १९ सेकंद झालेली. इंग्लंड ५-२ जिंकलं. असल्या पोराला दुसरी मॅच मिळायलाच पाहिजे ना? नाही मिळाली. कारण त्याची जागा खरी बिली राइटची होती, आणि बिली राइट म्हणजे जगात सगळ्यात आधी १०० मॅच गाठणारा, एकूण १०५ खेळलेला कॅप्टन. तो जागेवरून हलेना, मग ह्यानं काय करायचं? पण हाच निकोल्सन पुढं टॉटनहॅमचा मॅनेजर झाला, १९६१ मध्ये एकाच सीझनला लीग आणि एफए कप दोन्ही जिंकून दिले, विसाव्या शतकात तोवर कुणाला जमलं नव्हतं ते. १९६३ मध्ये युरोपातली ट्रॉफी जिंकणारा पहिला ब्रिटिश क्लबही त्याचाच.

तेव्हा दुसरी मॅच का नाही मिळाली ह्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या प्लेअरच्या पायात नसतंय, आसपास बघावं लागतंय. पुढं कोण बसलाय, कोच कोण, कुणाशी वाजलंय, पासपोर्ट कुठला. खाली बघालच.

सगळ्यात कमी वेळ कोण खेळला असेल? – खानापूर

अख्ख्या जगाचा हिशोब नको, इंग्लंडचंच सांगतो. लिव्हरपूलचा मार्टिन केली, मे २०१२, ऑस्लोत नॉर्वेविरुद्ध. ८८व्या मिनिटाला आत आला. शूजची लेस नीट व्हायच्या आत मॅच संपली असणार. पुढच्याच महिन्यातल्या युरो कपला त्याला गॅरी केहिलच्या जागी नेलंही, अनुभवी डिफेंडर रिओ फर्डिनंडला सोडून ह्याला कसं काय नेलं म्हणून केवढा आरडाओरडा झाला तेव्हा, पण तिथं तो बेंचवरच बसून परत आला.

आणि डेव्हिड न्यूजंट. २००७, अँडोराविरुद्धची क्वालिफायर, म्हणजे मुख्य स्पर्धेत जागा मिळवायची मॅच. त्याच्याच टीमच्या डिफोनं मारलेला बॉल गोललाइन ओलांडायच्या बेतात होता, हा धावत गेला आणि शेवटच्या क्षणी टोचून गोल स्वतःच्या नावावर केला. एक मॅच, एक गोल, आणि तोही दुसऱ्याचा. डिफोला काय वाटलं असेल ते असो, मला तर त्याचं काहीच चुकलं असं वाटत नाही, परत चान्स येणार नाही हे जणू त्याला कळलंच होतं.

मी शाळेत असताना गोलकीपर होतो. गोलकीपरला एकदा बाहेर बसवलं की परत कुणी विचारत नाही हे खरं काय? तसली उदाहरणं आहेत काय? – शहापूर

खरं आहे आणि उदाहरण पण असलं देतो की बस्स. फॉरवर्डला निदान शेवटची दहा मिनिटं तरी टाकतात, गोलकीपर एकच आणि पहिला माणूस धडधाकट असला की दुसऱ्यानं वर्षानुवर्षं ट्रॅकसूट घालून बसायचं.

१९८२ ची युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, रॉटरडॅम, अॅस्टन व्हिला विरुद्ध बायर्न म्युनिक. व्हिलाचा गोलकीपर जिमी रिमर दुखापत घेऊनच उतरला होता, नऊ-दहा मिनिटांत त्याला बाहेर यावं लागलं. आत कोण गेला तर नायजेल स्पिंक, व्हिलाच्या मेन टीमकडून तोवर एकच मॅच खेळलेलं पोर. समोर बायर्नच्या रुमेनिगेसारखे नावाजलेले फॉरवर्ड. पठ्ठ्यानं एकही गोल होऊ दिला नाही, व्हिला १-० जिंकलं, युरोपचं चॅम्पियन. आणि मजा अशी की रिमर इंग्लंडकडून एकच मॅच खेळला, १९७६ मध्ये, आणि स्पिंकसुद्धा एकच, १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध. युरोपियन कप जिंकलेल्या टीमचे दोन गोलकीपर, दोघांच्या मिळून देशाच्या मॅच दोन! त्या काळात इंग्लंडकडे शिल्टन आणि क्लेमन्स असे दोघं होते, त्यांच्या पुढं तिसऱ्याला जागाच नव्हती.

एका देशाकडून एक मॅच खेळला की जन्मभर त्याच देशाचा होतो काय? दुसरीकडं जाता येत नाही? – निपाणी

निपाणीहून हा प्रश्न आला ह्याचं मला काहीच आश्चर्य वाटलं नाही. घर एका राज्यात, शेत दुसऱ्यात, बायकोचं माहेर तिसऱ्याच तालुक्यात असलेल्या माणसांनाच असलं सुचतंय.

मॅच फ्रेंडली होती की कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे स्पर्धेतली, सगळं त्यावर. मुनीर अल हद्दादीची गोष्ट ऐका. जन्म स्पेनचा, वडील मोरोक्कोचे, बार्सिलोनाचं पोर. सप्टेंबर २०१४ मध्ये १९ वर्षांचा असताना मॅसिडोनियाविरुद्ध स्पेननं त्याला ७७व्या मिनिटाला उतरवलं. ती युरोची क्वालिफायर होती, म्हणजे कॉम्पिटिटिव्ह. झालं, त्या तेरा मिनिटांनी तो स्पेनला बांधला गेला आणि स्पेननं नंतर त्याला कधी बोलावलंच नाही. ह्याला २०१८ चा वर्ल्ड कप मोरोक्कोकडून खेळायचा होता, फिफा (जगाच्या फुटबॉलचा कारभार बघणारी संघटना) नाही म्हणाली, स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादानंही नाही म्हणून सांगितलं. घरचा नाही आणि दारचा पण नाही असं करून सोडलं त्याला. शेवटी २०२० मध्ये फिफानं नियम सैल केला, की २१ वर्षांच्या आत जास्तीत जास्त तीन कॉम्पिटिटिव्ह मॅच, शेवटच्या मॅचला तीन वर्षं उलटलेली आणि वर्ल्ड कप किंवा युरोसारख्या मुख्य स्पर्धेत खेळलेला नसला तर देश बदलता येतोय. तरी त्याचं प्रकरण आणि अडकलं, अखेर २०२१ मध्ये सुटलं आणि तो मोरोक्कोकडून खेळला.

आणि फ्रेंडली असली की कसं सोपं जातंय तेही बघा. नोव्हेंबर २०१२, स्वीडन ४ इंग्लंड २, झ्लाटान इब्राहिमोविचनं चारही गोल मारले आणि शेवटचा तो लांबून मारलेला उलटा सायकल किकचा, ती मॅच. इंग्लंडचे सहा जण त्या दिवशी पहिल्यांदा खेळले. स्टर्लिंग पुढं ८० च्या वर मॅच खेळला, पण कॉल्कर, जेन्किन्सन आणि शॉक्रॉस हे तिघं एकावरच राहिले. स्टीव्हन कॉल्करनं तर गोल पण मारला होता. हाच कॉल्कर २०२२ मध्ये आफ्रिका कपला सिएरा लिओनच्या शर्टात दिसला.

आता आपल्याकडचं. आपल्याच राज्यातल्या बेंगळुरू एफसीचा रायन विल्यम्स हा ऑस्ट्रेलियाचा एक मॅचवाला. जन्म पर्थचा, ऑस्ट्रेलियाकडून २०१९ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध एक फ्रेंडली खेळला. आईचं घराणं मुंबईचं अँग्लो-इंडियन. २०२५ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला आणि भारताचा घेतला, कारण आपल्याकडं दोन-दोन नागरिकत्व चालत नाही आणि भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतोय. परदेशात वाढलेल्या कितीतरी भारतीय वंशाच्या प्लेअरांचं घोडं इथंच अडतंय. त्याच्याआधी जपानमध्ये वाढलेल्या इझुमी अराटानं हेच केलं होतं. आमच्यात लोक रेशन कार्डावरचा पत्ता बदलायला दहा वर्षं लावतात, ह्यानं देश बदलला.

माझा मुलगा ज्युनियरमध्ये राज्याच्या टीममध्ये सिलेक्ट झाला, एक मॅच खेळवली आणि नंतर वगळलं. आता ग्राउंडवर जायचंच नाही म्हणतोय, बूट माळ्यावर टाकलेत. काय करू? – कंग्राळी बुद्रुक

काका, हे पत्र मी दोनदा वाचलं. त्याला आत्ता "परत मिळेल रे चान्स" असलं काही सांगू नका, मिळेल की नाही हे तुम्हाला पण माहीत नाही आणि पोरांना खोटं लगेच कळतंय.

बोयान क्र्किचचं नाव त्याला माहीत असेल, नसेल तर सांगा. बार्सिलोनाचा, १७व्या वर्षी सगळे त्याला दुसरा मेस्सी म्हणायचे. फेब्रुवारी २००८ मध्ये फ्रान्सविरुद्ध स्पेनकडून पहिली मॅच खेळायची होती, आणि त्याला घबराटीचा झटका आला. बाहेर सांगितलं पोट बिघडलं म्हणून. त्या उन्हाळ्यात युरो कपला पण तो गेला नाही, आणि तो कप स्पेननं जिंकला. सप्टेंबरमध्ये आर्मेनियाविरुद्ध तो खेळला ती त्याची स्पेनकडून पहिली आणि शेवटची मॅच. खरं काय झालं होतं ते त्यानं दहा वर्षांनी मोकळेपणानं सांगितलं. एवढी वर्षं लोक म्हणत होते, पोराला देशाकडून खेळायचंच नव्हतं.

म्हणून आधी त्याला बोलू द्या, बूट राहू देत माळ्यावर थोडे दिवस. मग कोचला जाऊन सरळ विचारा, काय कमी पडलं, वेग का पोझिशन का फिटनेस. भांडायला जाऊ नका मात्र. क्रिस सटनचं तेच झालं. १९९७ मध्ये इंग्लंडकडून एक मॅच खेळला, नंतर कोच हॉडलनं बी टीममध्ये घातलं तर हा म्हणाला मी बीमध्ये खेळणार नाही. त्याच सीझनला १८ गोल मारून प्रीमियर लीगच्या टॉप स्कोअररांत होता तो, तरी इंग्लंडचं दार पुन्हा उघडलं नाही. मला विचाराल तर दोघंही हट्टी, पण नुकसान एकाचंच झालं.

आमचे पाहुणे कोल्हापूरचे. ते म्हणतात अनिकेत जाधव २०१७ चा वर्ल्ड कप खेळला म्हणजे तेव्हाच इंटरनॅशनल झाला. ते धरतात काय? – उचगाव

तो १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप, तो सिनियरच्या हिशोबात धरत नाहीत. दोन्ही बाजूंनी सिनियर टीम असली तरच ती मॅच मोजायची. पण पाहुण्यांशी वाद घालू नका, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून वाढलेली माणसं आहेत ती, ऐकणार नाहीत. आणि भारतात झालेल्या त्या वर्ल्ड कपला खेळणं ही काय साधी गोष्ट नव्हती.

अख्खी टीमच एक मॅचवाली असं कधी झालंय काय? – कॅम्प

जवळजवळ झालंय. सप्टेंबर २०१८, डेन्मार्क. प्लेअरांची युनियन आणि फुटबॉल असोसिएशन ह्यांचं जाहिरातींच्या हक्कांवरून वाजलं, नेहमीचे सगळे प्लेअर बाजूला झाले, पण स्लोव्हाकियाविरुद्धची मॅच रद्द केली तर मोठी शिक्षा झाली असती. मग काय तर, खालच्या डिव्हिजनची आणि फुटसाल (पाच-पाच जणांचं इनडोअर फुटबॉल) खेळणारी पोरं गोळा केली, त्यांत शिकणारे होते, नोकरी करून संध्याकाळी खेळणारे होते, आणि विमानात बसवून पाठवली. सगळ्यांना वाटलं दहा-बारा गोल खाणार. ०-३ हरले, त्यातला पण एक स्वतःच्याच गोलमध्ये. मी तरी ह्याला जिंकले म्हणेन. बहुतेकांची देशाकडून तेवढीच मॅच. चार दिवसांत तात्पुरता समझोता झाला, क्रिश्चन एरिक्सन (वरचा इंग्लंडचा कोच नव्हे, डेन्मार्कचा प्लेअर) वगैरे परतले आणि वेल्सला २-० हरवलं.

स्पेनचं पण जून २०२१ मध्ये असंच काहीसं झालं. कॅप्टन बुस्केट्सला कोविड झाला, सिनियर टीम क्वारंटाइनमध्ये, मग लिथुआनियाविरुद्ध २१ वर्षांखालची टीम उतरवली आणि ती मॅच सिनियर म्हणूनच धरली. ४-० जिंकले. एक गोल ब्राहिम डियाझचा. स्पेनकडून त्याची ती एकच मॅच, फ्रेंडली, आणि २०२४ पासून तो मोरोक्कोकडून खेळतोय. मुनीर हे बघून काय म्हणाला असेल!

पोरगा देशाकडून खेळणार म्हणून कुणी बापानं पैज लावलीय काय कधी? – येळ्ळूर

लावलीय आणि जिंकलीय पण. गोलकीपर क्रिस कर्कलंड शाळेत होता तेव्हा त्याच्या बापानं आणि बापाच्या दोस्तांनी बुकीकडं जाऊन पैसे लावले, की हा ३० वर्षांचा व्हायच्या आत इंग्लंडकडून खेळणार. भाव १०० ला १. ऑगस्ट २००६ मध्ये ग्रीसविरुद्ध हाफटाइमला कर्कलंड आत आला, आणि बापासकट एकेकाला जवळजवळ १० हजार पाउंड मिळाले. इंग्लंड ४-० जिंकलं. कर्कलंडला पुन्हा कधी उतरवलं नाही, पण पैजेत तेवढी एकच मॅच पुरेशी होती. तिकडं बुकीचा धंदा कायदेशीर असतोय, तुम्ही येळ्ळुरात असलं काही सुरू करू नका.