वाचकांचे प्रश्न : मागे कोण आहे?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि नोकरीसाठी रोज बेळगावला जातो. दोन महिन्यांपूर्वी प्लेस्टेशन ४ वर ‘एक्सकॉम २’ हा तुकडीच्या लढाईचा खेळ घेतला. रात्री जेवणे झाली की तासभर खेळतो. पण प्रत्येक मोहिमेत दोन-तीन सैनिक गमावल्याशिवाय परत येत नाही. पडद्यावर ८५ टक्के नेम दिसतो आणि तरीही गोळी चुकते. सेव्ह केलेला डाव पुन्हा उघडून तीच गोळी झाडली, तरी ती पुन्हा चुकतेच. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. ते मागे खाटेवर बसून पाहतात आणि दर वेळी एकच विचारतात, “सगळीच एकदम पुढं कशाला पळत्यात? मागं कोण हाय?” माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर : तुमच्या पत्राचे उत्तर वडिलांच्या प्रश्नात आले आहे, पण त्याकडे वळण्याआधी ८५ टक्क्यांचा हिशेब मिटवू, कारण ती खंत मनात राहिली की खेळावरचा विश्वास उडतो आणि माणूस घाईने खेळू लागतो.

८५ टक्के नेम म्हणजे शंभरात पंधरा गोळ्या वाया जाणार, हे धरूनच चालायचे. सहा सैनिकांनी ओळीने ८५ टक्क्यांच्या सहा गोळ्या झाडल्या, तर सहाही लागण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास भरते. म्हणजे त्यांपैकी एखादी तरी चुकणे हेच अधिक संभवते. चार गोळ्यांपुरता विचार केला, तरी चारही लागण्याची शक्यता ५२ टक्के, जवळजवळ नाणेफेकीइतकीच आहे. डाव पुन्हा उघडून तीच गोळी झाडल्यावर ती पुन्हा का चुकते, याचे कारणही साधे आहे. त्या डावातील पुढची सोडत कशी निघणार, हे ठरवणारी संख्या सेव्हसोबतच साठवलेली असते. म्हणून त्याच क्रमाने तीच कृती केली की निकालही तोच येतो. क्रम बदलला, दुसऱ्या सैनिकाला आधी खेळवले, तर निकाल बदलू शकतो. पण माझे मत विचाराल, तर गोळी लागेपर्यंत डाव उलटसुलट करत बसण्यापेक्षा ती गोळी ८५ टक्क्यांची न राहता त्याहून भरवशाची कशी होईल, हे पाहण्यात वेळ घालवावा.

त्यासाठी ती टक्केवारी कशी तयार होते, हे ठाऊक हवे. नव्या, अननुभवी सैनिकाचा मूळ नेम ६५ असतो. शत्रू बुटक्या आडोशामागे असेल तर त्यातून २० वजा होतात, आणि पूर्ण उंचीच्या आडोशामागे असेल तर ४०. म्हणजे पुरुषभर उंचीच्या भिंतीमागे दडलेल्या शिपायावर नवख्या सैनिकाने झाडलेली गोळी २५ टक्क्यांवर येते, आणि तशी गोळी झाडणे म्हणजे आपली पाळी फुकट घालवणे होय. उलट त्याच शिपायाला बगलेवरून गाठले, तर आडोशाचा फायदा पुरता नाहीसा होतो, जवळून झाडल्याची भर पडते आणि गोळी वर्मी बसण्याची शक्यताही वाढते. उंचावरून झाडणाऱ्यालाही अधिकचे गुण मिळतात. याचा अर्थ असा की लढाईचा निकाल बहुतेक वेळा बंदुकीच्या घोड्यावर बोट जाण्यापूर्वीच, तुम्ही पाऊल कुठे टाकले यावर लागलेला असतो.

आता वडिलांचा प्रश्न घेऊ. पायदळाच्या सेक्शनचे, म्हणजे लहान तुकडीचे, नेतृत्व हवालदार करतो, तेव्हा तुमच्या वडिलांनी हे आयुष्यभर प्रत्यक्ष केले आणि करवून घेतले असणार : काही जणांनी थांबून मारा करायचा, शत्रूला मान वर काढू द्यायची नाही, आणि तेवढ्या वेळात उरलेल्यांनी पुढची जागा गाठायची; मग पुढे पोहोचलेल्यांनी थांबायचे आणि मागच्यांनी हलायचे. सगळे एकाच वेळी कधीही हलत नाहीत. कन्सोलवरच्या या प्रकारच्या खेळांना हे तत्त्व नवे नाही. २००४ साली एक्सबॉक्सवर आलेला ‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’ हा खेळ तर अमेरिकेच्या लष्करासाठी चाललेल्या प्रशिक्षणाच्या कामातूनच घडला होता. त्यात चार-चार जणांच्या दोन टोळ्या हाती येत आणि खेळाडूला स्वतः बंदूक चालवताच येत नसे. एका टोळीला मारा करायला लावायचे आणि दुसरीला वळसा घालून पाठवायचे, एवढेच त्याच्या हाती असे. तुम्हाला तो खेळ कुठे मिळाला, तर आठवडाभर जरूर खेळा; वडिलांना शेजारी बसवून खेळलात तर अधिक शिकाल.

‘एक्सकॉम २’ मात्र पाळीपाळीने चालतो, म्हणून तिथे हे तत्त्व थोडे वेगळे रूप घेते. यातला शत्रू लहान लहान टोळ्यांनी फिरत असतो. तुमच्या सैनिकाच्या नजरेस एखादी टोळी पडली आणि तिनेही तुम्हाला हेरले की त्या टोळीला लगेच, तुमची पाळी चालू असतानाच, पळून आडोसा गाठण्याची मोकळीक मिळते. तुमच्या प्रत्येक सैनिकाला एका पाळीत दोन चाली असतात आणि गोळी झाडली की बहुधा त्याची पाळी संपते. आता कल्पना करा की तीन सैनिकांच्या चाली वापरून झाल्या आहेत, आणि चौथ्याला तुम्ही दोन्ही चाली खर्चून दूरच्या गाडीमागे पळवले. तिथे पोहोचताच त्याच्या समोर नवी टोळी उघड झाली. ती आडोशाला गेली, तुमच्याकडे प्रत्युत्तराला एकही चाल उरली नाही, आणि पुढची पाळी पूर्णपणे शत्रूची आहे. तुमचे दोन-तीन सैनिक जातात ते बहुतेक असेच जात असावेत. म्हणून अनोळखी जमिनीवर पाऊल टाकायचे ते पाळीतल्या पहिल्या सैनिकाच्या पहिल्या चालीने. शेवटच्या सैनिकाच्या शेवटच्या चालीने कधीही नाही. बाकीच्यांनी पहिल्याने पाहून ठेवलेल्या जमिनीवरूनच जावे.

एक प्रसंग जवळून पाहू. रस्त्याच्या पलीकडे एका बुटक्या भिंतीमागे शत्रूचे दोन शिपाई दडले आहेत आणि तुमचे चौघे अलीकडे आहेत. तुम्ही आजवर चौघांनाही त्या भिंतीवर गोळ्या झाडायला लावत असाल. त्याऐवजी आधी ग्रेनेडियरला हातबॉम्ब फेकू द्या. हातबॉम्बचा नेम चुकत नाही आणि तो भिंतही पाडतो. शिपाई जखमी होतात, आडोसा जातो, आणि ४५ टक्क्यांची गोळी ६५ टक्क्यांवर येते. त्यानंतर मागच्या छपरावर ठेवलेल्या नेमबाजाची पाळी. त्याच्या लांब पल्ल्याच्या बंदुकीला दोन्ही चाली लागतात, तेव्हा त्याला आदल्या पाळीतच तिथे चढवून ठेवलेले असले पाहिजे, आणि तुमच्या वडिलांचा “मागं कोण हाय?” हा प्रश्न नेमका इथे लागू पडतो. दोघांपैकी एक पडला, तर दुसऱ्यासाठी रेंजरला, म्हणजे जवळून लढणाऱ्या सैनिकाला, बगलेवर पाठवायचे, पण जागा आधी दिसलेली असेल तरच. चौथ्या सैनिकाला ओव्हरवॉचवर, म्हणजे दबा धरून ठेवायचे. शत्रू हलला की तो आपोआप गोळी झाडतो. एवढे लक्षात असू द्या की हातबॉम्बने मेलेल्या शत्रूकडचे उपयोगी सामान नष्ट होते, तेव्हा बॉम्ब आडोसा पाडण्यासाठी वापरावा आणि शेवटचा घाव गोळीने घालावा. ग्रेनेडियरला बढतीनंतर ‘सप्रेशन’ हे कौशल्य घेता येते. एका शत्रूवर सतत मारा करून त्याचा नेम बिघडवायचा आणि तो हलला तर त्याला टिपायचे, असे ते आहे. वडिलांना ते दाखवा. त्यांना समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आपल्या बेळगावच्या गल्ल्यांत दिवाळीला मुले मातीचे किल्ले करतात, तेव्हा मावळे कसे मांडतात ते आठवून पाहा. एक दरवाज्याशी, एक बुरुजावर, एक तटावर, आणि पायवाटेच्या वळणावर एखादा. सगळे मावळे एकाच पायरीवर कुणी उभे करत नाही. तीच मांडणी नजरेसमोर ठेवा. मात्र सैनिकांना एकमेकांपासून इतके दूरही नेऊ नका, की एकाला लागले तर दुसऱ्याला त्याच पाळीत त्याच्यापर्यंत पोहोचता येणार नाही.

अनेक मोहिमांत पाळ्यांची मर्यादा असते आणि तिच्यामुळेच घाई होते, हे मला मान्य आहे. पण बऱ्याच मोहिमा सुरू होताना तुमची तुकडी शत्रूला दिसत नसते. त्या लपलेल्या अवस्थेतल्या पहिल्या दोन-तीन पाळ्यांत बिनधास्त मोठे अंतर कापा, आणि पहिल्या टोळीवर हल्ला करताना आधी तिघांना ओव्हरवॉचवर ठेवून चौथ्याने पहिली गोळी झाडावी. टोळी पळू लागताच तिघांच्याही गोळ्या सुटतात, आणि एरवी ओव्हरवॉचच्या नेमात होणारी घट अशा छाप्यात होत नाही. शेवटचे म्हणजे, आठ-दहा सैनिक आलटून पालटून तयार करा. जखमी सैनिक कित्येक दिवस दवाखान्यात राहतो, आणि नेहमीचे चौघेच तयार असले की पुढच्या मोहिमेवर चार नवखे पाठवण्याची वेळ येते.

प्रश्न : आम्ही शहापुरात राहणाऱ्या दोघी बहिणी आहोत आणि आमच्याकडे निन्टेंडो स्विच आहे. तुकडी सांभाळण्याचे खेळ आवडतात. पण परग्रहवासी वगैरे नकोत, आणि सैनिक नुसते आकडे न वाटता माणसे वाटावीत, असे वाटते. काय घ्यावे?

उत्तर : ‘व्हॅल्किरिया क्रॉनिकल्स’ घ्या. सेगाचा हा खेळ २००८ साली प्लेस्टेशन ३ वर आला आणि २०१८ साली स्विचवरही आला. १९३५ सालातील एका काल्पनिक युरोपात गालिया नावाचा छोटा देश बलाढ्य साम्राज्याशी लढतो आहे, आणि तुमच्या हाती त्याच्या लोकसेनेची ७ क्रमांकाची तुकडी येते. त्या तुकडीतील प्रत्येकाचा स्वभाव खेळात उतरतो : कुणाला परागकणांचे वावडे आहे, कुणी खेड्यात वाढल्यामुळे मातीवर अधिक चांगला लढतो, कुणाला ठरावीक सोबती जवळ असला की बळ येते. सीमाभागातल्या आपल्या माणसांना लहान देशाची ही कथा जवळची वाटेल, असे मला मनापासून वाटते.

दोघींनी मिळून खेळताना एक गोष्ट सांभाळा. यात सैनिक पळत असताना शत्रू गोळ्या झाडतच राहतो, आणि तुम्ही नेम धरण्याचे बटण दाबले की मारा थांबतो. तेव्हा उघड्यावर उभे राहून वाट कोणती घ्यायची याची चर्चा करू नका, ती आधी नकाशावर करून घ्या. एकाच सैनिकाला एका पाळीत पुन्हा पुन्हा चालवता येते, पण दर वेळी त्याचे अंतर कमी होत जाते. कुणी घायाळ होऊन पडला, तर तीन पाळ्यांच्या आत आपला माणूस त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. त्याआधी शत्रू पोहोचला, तर तो सैनिक कायमचा गेला. माझ्या तुकडीतली एक स्काउट अशीच गेली होती, आणि तो डाव मी तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केला.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. ‘एक्सकॉम २’मधील आयर्नमॅन पद्धत खेळण्याची फार इच्छा आहे. खेळावी का?

उत्तर : यूपीएस असल्याशिवाय खेळू नये. आयर्नमॅनमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत संपूर्ण खेळाचा एकच सेव्ह असतो आणि खेळ तो स्वतःच वरचेवर लिहीत असतो. नेमक्या त्या क्षणी वीज गेली आणि तो सेव्ह बिघडला, तर मागे जायला दुसरी जागाच उरत नाही. यूपीएस मोठा नसला तरी चालेल, कारण कन्सोल रीतसर बंद करायला काही मिनिटे पुरतात. पण टीव्हीही त्याच यूपीएसवर जोडा, नाहीतर पडदा काळा आणि कन्सोल चालू, अशी अवस्था होते. तोपर्यंत साध्या पद्धतीने खेळा, दर मोहिमेआधी वेगळा सेव्ह करा, आणि त्यांतले जुने चार-पाच पुसून न टाकता राहू द्या.