नदीकाठचा दुसरा मजला स्वस्तात मिळतोय, विमा काढून घेऊन टाकावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरहून पुण्याला बदली झालीये, सिंहगड रोडला मुठा नदीच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आसपासच्या भावापेक्षा आठ लाखांनी कमी मिळतोय, आणि एजंट म्हणतोय, "पाणी आलं तर तळमजल्याला येईल, तुम्हाला काय? फारच वाटलं तर विमा काढा."

मी त्याच पट्ट्यात तीन वर्षं भाड्याने राहिलो, तिसऱ्या मजल्यावर. 25 जुलै 2024 ला पहाटे खालून आरडाओरडा ऐकू आला म्हणून गॅलरीत आलो. पाऊस कोसळत होता. खडकवासला धरणातून सुमारे 35 हजार क्युसेकने (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सोडलंय, हे नंतर बातम्यांत कळलं. नदीकडच्या भिंतीपाशी दोघंतिघं टॉर्च मारून पाणी किती चढलंय ते बघत होते, आणि इकडे त्यांच्या पाठीमागे पार्किंगमधल्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उचलून पाणी उलटं वर येत होतं. तासाभरात माझी स्कूटर हँडलपर्यंत बुडाली.

माझ्या घरात थेंब आला नाही, एजंटचं तेवढं खरं. पण विजेचे मीटर खाली, पंप खाली, पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीखाली आणि तिच्यात गटाराचं पाणी, लिफ्टचा खड्डा भरलेला. पाच दिवस वीज नव्हती. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती घरात अडकली आणि मी टँकरच्या रांगेतून बादल्या वर आणत होतो. तळमजल्याच्या काकांचं तर विचारूच नका, त्यांची गादी चिखलातून ओढून काढायला चौघं लागलो. तुमचा दुसरा मजला कोरडा राहील, पण त्याला चालवणारं सगळं खालीच असणार आहे.

आता नकाशाबद्दल. जलसंपदा विभागाने नदीला दोन पूररेषा आखल्यात. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "25 वर्षांतून एकदा" ऐकून माणूस निर्धास्त होतो, तसं होऊ नका. त्याचा अर्थ दर वर्षी 4 टक्के शक्यता. 20 वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी तो पूर बघायला मिळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. लाल रेषेवरच्या घरालासुद्धा त्याच 20 वर्षांत साधारण पाचात एक. महापालिकेतून सर्व्हे नंबरचा झोन दाखला (जमीन आराखड्यात कशात येते ते सांगणारा कागद) आणि भाग नकाशा काढा, त्यावर पूररेषा बघा. आणि रेषा कागदावर जिथे आहे तिथेच पाणी थांबेल असं समजू नका. पात्रात राडारोडा टाकून टाकून ते अरुंद झालं की तेवढंच पाणी जास्त उंचीवरून जातं.

नदीपासून लांब गेलं की सुटलो, असंही नाही. पुण्यात पूर म्हटलं की जुनी माणसं 12 जुलै 1961 ची पानशेत धरण फुटल्याची गोष्ट सांगतात. पण 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला जो लोंढा आला, त्यात ना धरण होतं ना मुठा. कात्रजच्या बाजूला ढगांनी ओतलं आणि अरण्येश्वर, सहकारनगरकडे भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा बावधन-पाषाणला बघणार असाल तर राम नदी कुठून जाते ते विचारा. नकाशावर बारीक निळी रेघ दिसते, तीच.

इमारत बघायला गेलात की एजंटला बाजूला ठेवून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" तो हाताने दाखवतो. पार्किंगच्या भिंतीला कमरेपर्यंतच नवा रंग असेल, किंवा मीटरची पेटी मुद्दाम डोक्याच्या वर नेलेली असेल, तर काय समजायचं ते समजा.

विम्याचं म्हणाल तर जरूर काढा, पण तो कशाचे पैसे देतो ते आधी समजून घ्या. 2021 च्या एप्रिलपासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना "भारत गृह रक्षा" नावाची ठरावीक पॉलिसी द्यावी लागते, तिच्यात पूर येतो. रक्कम ठरते ती कार्पेट क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा खर्च अशी, तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही, कारण जमीन वाहून जात नाही. उदाहरणार्थ 700 चौरस फूट आणि फुटाला 2,500 धरले तर साडेसतरा लाख. घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, म्हणजे इथे साडेतीन लाख, आपोआप मिळतात, कमाल 10 लाखांपर्यंत. भाडेकरू असाल तर फक्त सामानाचीही काढता येते. मी काढली नव्हती, आळस.

बँकेने कर्जाबरोबर "विमा" लावलाय असं बरेच जण सांगतात. तो कागद काढून वाचा. बहुतेकदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नाही. माझ्या मित्राला हे घरात चिखल साठल्यावर कळलं.

तुमच्या बाबतीत खरी महत्त्वाची पॉलिसी सोसायटीची. लिफ्ट, पंप, मीटर, कंपाउंडची भिंत यांचा विमा सोसायटीने काढलेला नसेल, तर दुरुस्तीचा खर्च वर्गणी काढूनच होणार, आणि त्यात दुसरा मजलाही आलाच. सेक्रेटरींकडे पॉलिसीची झेरॉक्स मागा. "बघतो, शोधतो" असं उत्तर आलं तर नाही असं धरा.

गाडीचं एकच सांगतो: फक्त थर्ड पार्टी (म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता) विमा असेल तर पुराचा एक रुपया मिळत नाही. माझ्या स्कूटरचं तेच झालं. कारची पूर्ण पॉलिसी असली तरी पाण्यातून निघालेली गाडी किल्ली फिरवून चालू करून बघू नका. त्याने इंजिन बसलं तर, इंजिनाचं वेगळं कव्हर नसेल तर, कंपनी बहुधा हात वर करते. टो करून न्या.

आठ लाखांत हे सगळं बसतं का, हा हिशोब तुमचा. माझं मत विचाराल तर आई-वडील बरोबर राहणार असतील तर नको. आम्ही त्याच दिवाळीत धायरीला चढावर घर घेतलं. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, आणि चढावर स्कूटर दम खाते.